स्वस्त धातूंच्या उत्प्रेरकांनी पाण्यातून हायड्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्युतरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे प्रश्न तीन बाजूंनी येतात: प्रोजेक्ट शोधणारे एमएस्सीचे विद्यार्थी, एमआयडीसीत शेड असलेले उद्योजक आणि व्हॉट्सॲपवर पाण्यावर चालणारी गाडी पाहिलेले नातेवाईक. तिघांची उत्तरं इथे एकत्रच आहेत.

नुसत्या विजेनं पाणी फुटतं ना? मग उत्प्रेरक हवाच कशाला?

फुटतं, पण पाण्यात बुडवलेली तार हीच उत्प्रेरक असते. ती चांगली की वाईट एवढाच प्रश्न. १८०० साली व्होल्टाच्या बॅटरीची बातमी लंडनला पोचली आणि निकोल्सन व कार्लाइल यांनी लगेच पितळेच्या तारा पाण्यात सोडून पाहिल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरी मात्र गंजून गेली. ऑक्सिजन वायूच्या रूपात दिसला तो प्लॅटिनमची तार लावल्यावर. ऑक्सिजनच्या बाजूला स्वस्त धातू मार खातो, हे दुखणं इतकं जुनं आहे.

हिशेबाप्रमाणे २५ अंश सेल्सिअसला १.२३ व्होल्टवर पाणी फुटायला हवं. प्रत्यक्षात त्यावर आणखी काहीशे मिलिव्होल्ट मोजावे लागतात. या जादा व्होल्टेजला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. हायड्रोजनचा रेणू दोन इलेक्ट्रॉनांत तयार होतो, तिथे फारशी कटकट नाही. ऑक्सिजनला मात्र चार इलेक्ट्रॉन लागतात, मधले टप्पे लागतात, शिवाय ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडावे लागतात. गाडी अडते ती तिथे. उत्प्रेरक हा वरचा भुर्दंड कमी करतो. मूळ १.२३ मध्ये तो एका मिलिव्होल्टचीही सूट देऊ शकत नाही.

उत्प्रेरक सुधारला तर विजेचं बिल किती कमी होतं?

हे कागद-पेन्सिलीनं निघतं. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे एक किलो हायड्रोजनला दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. सेल, म्हणजे पाणी फोडणारी इलेक्ट्रोडची एक जोडी, १.९ व्होल्टवर चालत असेल तर साधारण ५० युनिट झाली. तोच सेल १.८ वर आणला, तर किलोमागे अडीच युनिटांहून थोडी जास्त वाचतात. विजेचा दर पाच रुपये धरा: अडीचशे रुपयांतले तेरा वाचले.

रोज टनभर हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्याला हे रोजचे तेरा हजार रुपये आहेत, तेव्हा शंभर मिलिव्होल्ट ही थट्टेची गोष्ट नाही. पण उरलेले दोनशे सदतीस रुपये विजेचेच राहतात. नव्या उत्प्रेरकानं हायड्रोजन कवडीमोल होणार, अशी बातमी दिसली की हा गुणाकार करून बघावा.

प्लॅटिनम आणि इरिडियम महाग आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप का?

प्लॅटिनम हायड्रोजनच्या बाजूला लावतात, इरिडियम ऑक्सिजनच्या. महाग आहेत हे खरंच. इरिडियमच्या एका ग्रॅमला दहा हजार रुपयांच्या वर पडतात, निकेलचा किलो एक-दोन हजारात येतो. पण माझ्या मते किंमत हा दुय्यम मुद्दा आहे. इरिडियम पुरेसं नाहीच, ही खरी अडचण. जगात वर्षाला सात-आठ टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणकामात सोबत हाती लागतं म्हणून. मागणी वाढली तरी केवळ इरिडियमसाठी कोणी नवी खाण खणणार नाही. २०२१ च्या पूर्वार्धात काही महिन्यांत त्याचा भाव दुपटीहून जास्त झाला, तो यामुळेच.

आता भारताचं गणित बघा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. किलोला ५० युनिट धरून आणि यंत्रं निम्मा वेळ चालतात असं मानून सुमारे ५७ गिगावॅट क्षमतेचे इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाणी फोडणारी यंत्रं, लागतात. ते सगळे इरिडियमवाले घेतले, तर सध्याच्या पद्धतीत गिगावॅटमागे साधारण अर्धा टन इरिडियम जातं. म्हणजे अठ्ठावीस टनांच्या आसपास. साऱ्या जगाचं जवळपास चार वर्षांचं उत्पादन एकट्या भारताला.

मग निकेल का वापरत नाहीत?

वापरतात! हा प्रश्न इतक्यांदा येतो, आणि बातम्यांमध्ये ‘स्वस्त धातूनं प्रथमच पाणी फोडलं’ असं इतक्यांदा छापून येतं, की उद्गारचिन्ह देणं भाग आहे. नॉर्वेत रियुकानजवळ १९२० च्या दशकाच्या अखेरीस जलविद्युतवर खतासाठी हायड्रोजन काढणारे मोठे इलेक्ट्रोलायझर उभे राहिले. आपल्याकडे पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर हेच होत होतं आणि त्याच्याच जोडीनं १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. अशा कारखान्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं २५ ते ३० टक्के द्रावण, ७० ते ९० अंश तापमान आणि निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी जाळ्या वापरतात. इरिडियमचा एक कणही लागत नाही.

तरी अडतं ते पुढे. अशा द्रावणावर चालणारे जुने, म्हणजे अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर दर चौरस सेंटिमीटरला २०० ते ४०० मिलिअँपिअरवर चालतात, म्हणून अवाढव्य असतात. भार फार खाली आणला, की दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याची भीती असते. धरणाची वीज चोवीस तास सारखी येई, तेव्हा हे खपून गेलं. सौरऊर्जा सकाळी चढते, संध्याकाळी शून्यावर येते. यंत्र बंद पडलं, की सेलमध्ये काही वेळ उलटा प्रवाह वाहतो आणि हायड्रोजनच्या बाजूच्या निकेलचं ऑक्सिडीकरण होतं. रोज एकदा या दरानं वर्षात ३६५ वेळा. सोलापूर किंवा धुळ्यासारख्या उन्हाच्या जिल्ह्यात हा प्रकल्प टाकायचा असेल, तर उत्प्रेरकाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

आम्लधर्मी पडद्याचे, म्हणजे पीईएम इलेक्ट्रोलायझर आटोपशीर असतात, तेवढ्याच क्षेत्रावर एक-दोन अँपिअरवर चालतात, उन्हाच्या चढउताराशी जुळवून घेतात. पण आम्लात निकेल विरघळतं. म्हणून तिथे इरिडियम, प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या पट्ट्या आल्या.

दोन्हींचे गुण एकत्र आणता येत नाहीत का?

तोच प्रयत्न एईएम इलेक्ट्रोलायझरचा आहे: पातळ घट्ट पडदा पीईएमसारखा, पण आतलं वातावरण अल्कधर्मी, त्यामुळे निकेल-लोखंड चालतं. ऑइल इंडियानं एप्रिल २०२२ मध्ये आसामात जोरहाटला १०० किलोवॅटचा, रोज १० किलो हायड्रोजन देणारा असा प्रकल्प सुरू केला. इथे दुखणं उत्प्रेरकापेक्षा पडद्याचं जास्त आहे. गरम अल्कलीत तो पॉलिमर हळूहळू झिजतो.

निकेलमध्ये लोखंड मिसळलं की काय होतं? सगळ्या शोधनिबंधांत तेच का असतं?

या विषयातली माझी आवडती गोष्ट हीच, त्यामुळे उत्तर लांबणार.

निकेल-लोखंड बॅटरी बनवणाऱ्यांना एडिसनच्या काळापासून एक त्रास होता. निकेलच्या पट्टीत लोखंडाचा अंश शिरला, की बॅटरी नीट चार्ज होईना. वीज चार्जिंगला न लागता पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात जाई. बॅटरीवाल्यांनी लोखंडाला शिव्या घातल्या. १९८७ मध्ये कॉरिगन या संशोधकांनी उलट्या बाजूनं पाहिलं: ऑक्सिजनच काढायचा असेल तर हे वरदानच की! निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात ०.०१ टक्का लोखंड असलं, तरी फरक दिसतो, असं त्यांनी मोजून दाखवलं.

गंमत पुढे आहे. त्यानंतरही निकेल हा स्वतःच उत्तम उत्प्रेरक आहे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलं जात राहिलं. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या गटानं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधलं लोखंड काढून टाकलं आणि मग निकेल तपासलं. शुद्ध निकेल अगदीच सुमार निघालं. आधीच्या मोजमापांत जे दिसत होतं, त्यातलं बरंचसं रसायनाच्या बाटलीतून आलेल्या लोखंडाचं कर्तृत्व होतं. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही अंशमात्र लोखंड असतंच, आणि निकेलचा थर ते शोषून घेतो.

डोळ्यांनी हे पाहायचं असेल, तर काचेवरच्या पारदर्शक वाहक थरावर निकेल हायड्रॉक्साइडचा पातळ थर चढवा. सुरुवातीला तो जवळजवळ दिसतच नाही, जाड असेल तर फिकट हिरवा. व्होल्टेज वाढवत नेलं, की रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (या मोजमापांतल्या शून्याच्या) मापानं १.४ व्होल्टच्या जरा अलीकडे तो एकदम काळपट होतो: निकेल हायड्रॉक्साइडचं ऑक्सिहायड्रॉक्साइड झालं. त्यानंतर बुडबुडे. लोखंड मिसळलेल्या थरात हा रंगबदल थोडा उशिरा येतो, पण बुडबुडे आधी आणि भरपूर. साधारण १० ते ३० टक्के लोखंडाला काम सर्वांत चांगलं चालतं. त्यापुढे लोखंडाचा वेगळा ऑक्साइड साचतो आणि फायदा उतरतो.

खरं काम लोखंडाचा अणू करतो की शेजारचा निकेल, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट होत चालली आहे: चालू यंत्रात लोखंड जागेवर बसून राहत नाही. ते विरघळतं, पुन्हा येऊन बसतं. द्रावणात थोडं लोखंड मुद्दाम ठेवलं, तर उत्प्रेरक जास्त टिकतो तो त्यामुळेच. त्यामुळे उत्प्रेरक आणि द्रावण वेगवेगळे विकत घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

हायड्रोजनच्या बाजूला काय लावतात?

कारखान्यांत रॅनी निकेल: निकेल-ॲल्युमिनियमची मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात ठेवायची, ॲल्युमिनियम विरघळून जातं आणि सच्छिद्र निकेल उरतं. निकेल-मॉलिब्डेनम त्याहून सरस. शिवाय अल्कलीत प्लॅटिनमचा तोराही उतरतो, कारण हायड्रोजन मिळवण्याआधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि त्यात ते मंद आहे. आम्लासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर बरंच काम झालं, म्हणजे ग्रीसमध्ये घालतात ती काळी पूड. २००५ मध्ये डेन्मार्कच्या गटानं गणितानं सांगितलं आणि २००७ मध्ये प्रयोगानं सिद्ध झालं, की तिच्या पापुद्र्यांच्या फक्त कडा काम करतात, सपाट पृष्ठभाग नाही.

आम्लात टिकणारा स्वस्त धातू सापडलाच नाही का?

आशा मँगनीज आणि कोबाल्टवर आहे. जपानच्या रिकेन संस्थेनं २०२२ मध्ये कोबाल्ट-मँगनीज ऑक्साइड आम्लात २०० मिलिअँपिअरवर दोन महिन्यांहून जास्त चालवून दाखवलं. स्पेनच्या आयसीएफओनं २०२४ मध्ये कोबाल्ट-टंगस्टन ऑक्साइडची जात प्रत्यक्ष पीईएम सेलमध्ये एक अँपिअरवर सहाशे तास टिकवली. दोन्ही कामं मोठी आहेत. पण कारखान्यातला सेल साठ हजार तासांहून जास्त चालावा अशी अपेक्षा असते. कोबाल्टला स्वस्त म्हणतानाही जरा अडखळायला होतं. त्याचा भाव उड्या मारतो आणि तो बहुतांश एकाच देशातून, काँगोतून येतो.

रोज नवा ‘विक्रमी’ उत्प्रेरक छापून येतो. विश्वास कशावर ठेवायचा?

आधी प्रवाह बघा. बहुतेक निबंध १० मिलिअँपिअरचं ओव्हरपोटेन्शियल देतात. हा आकडा सूर्यप्रकाशावर थेट चालणाऱ्या, दहा टक्के कार्यक्षमतेच्या उपकरणासाठी ठरवला गेला होता. कारखान्याच्या प्रवाहाच्या तो वीस-चाळीसावा भाग आहे. एवढ्यावर बुडबुडे अडकत नाहीत, थर सोलून निघत नाही, म्हणून सगळं छान दिसतं.

मग निकेलचा तो काळा होण्याचा टप्पा आठवा. त्यालाही वीज लागते. निकेल फोमवर, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर, हा प्रवाह सहज १० मिलिअँपिअरच्या वर जातो आणि घाईत वाचणारा म्हणतो, ‘१४० मिलिव्होल्टलाच ऑक्सिजन सुटला!’ सुटलेला नसतो. निकेलचं ऑक्सिडीकरण चाललेलं असतं. व्होल्टेज-प्रवाहाचा वक्र उलट दिशेनं, वरून खाली घेतला की सोंग उघडं पडतं.

हायड्रोजनच्या बाजूचा सापळा याहून बेरकी. समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल तर लांबलेल्या चाचणीत, खास करून आम्लात, तो कणाकणानं विरघळतो आणि तपासायच्या नमुन्यावर येऊन बसतो. नमुना दिवसेंदिवस ‘सुधारत’ जातो. चाचणीत आपोआप सुधारणारा स्वस्त उत्प्रेरक दिसला, की पहिली नजर समोरच्या तारेवर जायला हवी. ग्रॅफाइटचा दांडा लावला की हा संशय मिटतो.

सल्फाइड, फॉस्फाइड, सेलेनाइड अशी नावं ऑक्सिजनच्या बाजूला दिसली, तर आणखी एक विचारा: चाचणीनंतर नमुन्यात काय उरलं? त्या व्होल्टेजला बहुतेकांचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं आणि गंधक किंवा फॉस्फरस द्रावणात निघून जातो. मूळ पदार्थाचे सुंदर फोटो छापायचे आणि काम भलत्याच पदार्थानं करायचं, हा प्रकार या क्षेत्रात फार बोकाळला आहे.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे झेपेल का?

झेपेल, आणि महागडी यंत्रंही लागत नाहीत. पोटेंशिओस्टॅट (व्होल्टेज नेमकं राखून प्रवाह मोजणारं यंत्र) तेवढा हवा. निकेल फोमची पट्टी ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात धुवा, मग ॲसिटोन, मग पाणी. निकेल नायट्रेट, आयर्न नायट्रेट आणि युरियाच्या द्रावणात ती टेफ्लॉनच्या भांड्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद डब्यात) १२० अंशाला रात्रभर ठेवा. ऑटोक्लेव्ह काठोकाठ भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.

अल्कलीत सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) वापरू नका, मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या. सेल काचेचा नको. तीव्र अल्कली काच खाते आणि काचेतली अशुद्धी द्रावणात येते. पॉलिप्रॉपिलीनची साधी डबी बरी. फोमच्या पट्टीचा एक चौरस सेंटिमीटरच बुडवलात, तरी द्रावण छिद्रांतून वर चढतं आणि क्षेत्रफळ वाढतं, म्हणून वरचा भाग इपॉक्सीनं बंद करा.

शेवटी वायू मोजाच. उलट्या ब्युरेटमध्ये १०० मिलिअँपिअरवर तासाभरात साधारण ४५ मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन जमायला हवा. कमी जमला तर वीज दुसरीकडे जाते आहे. एवढं एक मोजमाप नीट केलं, तर तोंडी परीक्षेत कोणी फारसं छळणार नाही.

समुद्राचं पाणी थेट वापरता येईल का? कोकणात तर मुबलक आहे.

येईल, पण कशासाठी? क्लोराइडमुळे ऑक्सिजनऐवजी क्लोरीन सुटतो आणि धातू गंजतात. या खटपटीतून वाचवायचं काय, तर पाणी गोडं करण्याचा खर्च. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबानं नऊ लिटर पाणी लागतं. समुद्राचं एक हजार लिटर पाणी आरओनं गोडं करायला तीन-चार युनिट लागतात, म्हणजे नऊ लिटरला एका युनिटचा जेमतेम तीसावा भाग. पन्नास युनिटांपुढे त्याची काय मातब्बरी! या विषयावर छान शोधनिबंध होतात, कारखाना होईल असं मला वाटत नाही.

पाण्यावर गाडी चालते असा व्हिडिओ आला आहे. त्यात असाच उत्प्रेरक असतो का?

नाही. हायड्रोजन जाळून जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी तरी पाणी फोडायला आधी घालावीच लागते. गाडीच्याच बॅटरीवर पाणी फोडून त्याच हायड्रोजनवर गाडी पळवणं म्हणजे प्रत्येक फेरीत तोटा. किट विकत घेऊ नका.

घरी मुलांना करून दाखवायचं आहे.

नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची शिसं आणि पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा. मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. स्टेनलेस स्टीलचे चमचे लावू नका, त्यातलं क्रोमियम घातक रूपात पाण्यात उतरू शकतं. दोन्ही वायू एकाच बाटलीत साठवू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ठिणगी पुरते.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं?

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयआयटी मुंबई, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र ही मोठी नावं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीनं पातळ थर चढवण्याचं काम कित्येक दशकांचं आहे, आणि स्वस्त उत्प्रेरकाला नेमकं तेच कौशल्य लागतं. राज्यानंही २०२३ मध्ये स्वतंत्र हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं.

माझा निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. मला यात काही जागा आहे का?

मला वाटतं, सर्वांत जास्त तुम्हालाच. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरला लागतात निकेलच्या जाळ्या, मुलामा दिलेलं पोलाद आणि त्यावर न सुटणारा सच्छिद्र थर. प्रयोगशाळेत एक चौरस सेंटिमीटरवर जमलेली गोष्ट एक चौरस मीटरवर सारख्या जाडीनं चढवणं हे प्लेटिंगवाल्याचं काम आहे, प्राध्यापकाचं नव्हे. ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाइकाकडून चार गोष्टी लेखी घ्या: दर चौरस सेंटिमीटरला किती प्रवाह, कोणतं तापमान, किती तासांची हमी आणि दिवसातून यंत्र किती वेळा बंद होणार. चौथ्याचं उत्तर मिळेपर्यंत भाव सांगू नका.